तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : पलीकडे जायचंय

यावेळी आलेल्या प्रश्नांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त लोकांना काहीतरी ओलांडायचंय, कुणाला खाडी, कुणाला फाटक, कुणाला साधा रस्ता. म्हटलं हा अंक त्यांनाच देऊन टाकू, डाएट आणि शेअर मार्केटवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.

प्रश्न : गणपतीला अलिबागहून गुहागरला समुद्राकाठाने गाडी घेऊन जायचंय. मधे जेटी लागतात म्हणे, गाडी खरंच बोटीत चढवतात का? बायको नको म्हणतेय, चिपळूणवरून हायवेने जाऊ म्हणते. (वाचक, डोंबिवली)

चढवतात की! कारच काय, टेम्पो, ट्रकसुद्धा चढतात. रेवदंड्याला साळावचा पूल आहे त्यामुळे कुंडलिका नदी तुम्हाला कळणारही नाही, पण मुरूडच्या पुढे आगरदांड्याला पहिली जेटी, राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरायचं. मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला दुसरी, तिथे सावित्री नदी ओलांडली की पलीकडे वेशवी, म्हणजे तुम्ही रायगड सोडून रत्नागिरी जिल्ह्यात आलात. आणि दाभोळला तिसरी, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, समोर धोपावे दिसत असतं, तिथून गुहागर जवळच. पुढे गणपतीपुळ्याला जायचा मूड झालाच तर तवसाळ-जयगड ही चौथी. प्रत्येक ठिकाणी पाण्यावरचा वेळ अगदी थोडा, पण दाभोळची बोट चुकली तर त्याच धोपाव्याला जायला आत चिपळूणपर्यंत जाऊन परत यायला लागतं, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ निघायच्या आधी फोन करून विचाराच.

आता चढवायचं कसं. धक्क्याचा उतार खालच्या बाजूला शेवाळाने हिरवा झालेला असतो, त्यावर अचानक ब्रेक दाबायचा नाही, पहिल्या गिअरमधे हळूहळू न्यायची आणि बोटीवरचा खलाशी हात दाखवेल तसंच करायचं, तो रिव्हर्स म्हणाला तर रिव्हर्स, उगाच आपली अक्कल लावायची नाही, तो दिवसभर हेच करतोय. सुकतीला पाणी खाली गेलेलं असतं, उतार जास्त उघडा पडतो आणि बोटीची फळी गाडीच्या पोटाला घासू शकते, त्यामुळे गाडी खालच्या बांध्याची असेल तर भरतीच्या आसपासची फेरी बघा. आत गेल्यावर हँडब्रेक ओढा, गिअरमधे ठेवा, इंजिन बंद करा आणि खाली उतरून कठड्याशी उभे रहा. वहिनींना सांगा की मजा इथेच आहे, हायवेवर ही मजा नाही.

एकच, भाद्रपदात पावसाचा नेम नसतो, वारा वाढला की बोटी थांबवतात. तेव्हा हट्ट करायचा नाही, वहिनींचा चिपळूणचा रस्ता आहेच. आणि जायचं तर लवकर जाऊन घ्या. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं चाललंय, या खाड्यांवर पूल झाले की जेटी इतिहासजमा. गावकऱ्यांना पूल हवाच, त्यांना रात्री पेशंट न्यायचा असतो, आपल्याला फोटो काढायचे असतात.

प्रश्न : आमच्या ओढ्याच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, पाणी आलं तरी मुलगा गाडी घालतो. म्हणतो एसयूव्ही आहे बाबा, काही होत नाही. (वाचक, गडहिंग्लज)

काका, त्याला हा हिशेब दाखवा. साधारण पावणेचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडी धरा, तिच्या तळाच्या वर फूटभर पाणी चढलं तर ती दीड-दोन टन पाणी बाजूला सारते, आणि गाडीचं वजन किती? दीड टनाच्या आसपास. म्हणजे आत पाणी शिरेपर्यंत गाडी तरंगायलाच लागते, टायरची पकड गेली, मग फोर बाय फोर असो नाहीतर काही असो, ओढा नेईल तिकडे जायचं. वाहत्या पाण्यात 30 सेंटीमीटरला लहान गाड्या उचलल्या जातात, 60 ला बहुतेक सगळ्या. पायी माणसाला तर 15 सेंटीमीटर जोराचं पाणीही आडवं करतं.

आणि गढूळ पाण्याखाली फरशी आहे की वाहून गेली हे वरून कुणालाच दिसत नाही. महाडजवळ सावित्रीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या त्यात गेल्या, त्या ड्रायव्हरांना तर पूल नाही हे अंधारात कळायला वावच नव्हता. तुमच्या चिरंजीवांना दिसतंय तरी घालतात. पाणी ओसरेपर्यंत चावी तुमच्या खिशात ठेवा.

प्रश्न : अटल सेतूवरून बाईक नेता येते का? (वाचक, उरण)

नाही. 21.8 किलोमीटरचा पूल, त्यातला 16.5 समुद्रावर, जानेवारी 2024 पासून चालू आहे, पण बाईक, रिक्षा, ट्रॅक्टरला बंदी. समुद्रावरून बाईक न्यायची हौसच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, घ्या, तासाभराचं काम.

प्रश्न : कोकण रेल्वेने गेलं की आमचीच गाडी क्रॉसिंगला का थांबते? (वाचक, कणकवली)

तुमचीच नाही हो, सगळ्यांचीच, फक्त दुसऱ्याची थांबलेली असते तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

रोहा ते ठोकूर साधारण 740 किलोमीटरची लाईन, आणि रोहा-वीर हा 2021 मधे डबल झालेला तुकडा सोडला तर जवळपास सगळी सिंगल. म्हणजे मडगावहून येणारी आणि मुंबईहून जाणारी गाडी एकाच रुळावर समोरासमोर निघालेल्या, त्या एकमेकींना फक्त स्टेशनातच पास करू शकतात. एकीला लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतात, दुसरी मेन रुळावरून धडधडत जाते. कुणाला लूपवर घ्यायचं हे कंट्रोलर ठरवतो, राजधानी-वंदे भारतचा मान मोठा, पॅसेंजरचा सगळ्यात शेवटी. त्यात तुमची गाडी लेट झाली असेल तर मेलोच, कारण तिची ठरलेली जागा गेली, आता वेळेवर असणाऱ्यांना आधी सोडणार आणि ती आणखी लेट होणार. कधी कधी समोरची गाडी जाते, सगळे हुश्श करतात, तरी आपली हलत नाही. तेव्हा समजायचं की मागून कुणीतरी ओव्हरटेक करतंय.

उपाय म्हणून इंदापूर, कडवई, खारेपाटण अशी नवी स्टेशनं मधे घातली, दोन क्रॉसिंगमधलं अंतर कमी झालं की थांबायचा वेळ कमी होतो. पण पूर्ण डबल करायचं तर तेवढे बोगदे आणि पूल परत करायचे, विचार करा. तोपर्यंत खिडकीतून वडेवाल्याला हाक मारा.

प्रश्न : फाटक बंद करून ठेवतात आणि गाडी येतच नाही. गेटमन झोपतात काय? (वाचक, मिरज)

उलट तो जागा असतो म्हणूनच बंद असतं. बहुतेक ठिकाणी फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले, फाटक लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही आणि एकदा सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत गेटमनलाही ते उघडता येत नाही, तुम्ही कितीही हॉर्न बडवा. भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर लागतो, म्हणून हे सगळं आधीपासून. बंद फाटक स्वतः उघडलंत तर कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तोडलंत तर पाच. गाडी गेली तरी लगेच घुसू नका, डबल लाईन असेल तर उलट्या बाजूने दुसरी येत असते.

प्रश्न : झेब्रा क्रॉसिंगवर आधी कोण, मी की गाडी? (वाचक, पुणे)

नियमाने सिग्नल नसलेल्या झेब्रावर आधी तुम्ही, 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांत स्पष्ट आहे. पुण्यात मात्र हात वर करून, ड्रायव्हरच्या डोळ्यात बघत, एकसारख्या चालीने जा. मधेच थांबून मागे फिरलात की तोही गोंधळतो आणि तुम्हीही. आणि पीएमपीची बस येत असेल तर जाऊ द्या तिला.