तक्रार खेळाची नको, घड्याळाची करा

प्रश्न : आम्ही बाणेरला राहतो. सोसायटीच्या भिंतीला लागून पिकलबॉलची (टेनिससारखा, छोट्या कोर्टवरचा खेळ) कोर्टं झाली आहेत. शनिवार-रविवारी रात्री साडेअकरापर्यंत मॅचेस, बघ्यांच्या शिट्ट्या, माइकवर स्कोअर. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांना झोप नाही. चौकीत म्हणाले, ‘‘खेळ कसा बंद करणार?’’ माझा मुलगाही तिथेच खेळतो, तो मलाच हसतो. कोर्ट बंद करता येईल का?

उत्तर : ताई, तुम्ही ‘खेळ बंद करा’ म्हणालात, म्हणून चौकीत ‘नाही’ म्हणणं सोपं गेलं. तक्रार माइकची, गर्दीची आणि वेळेची करा.

माइकचं काम सोपं आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लेखी परवानगीशिवाय ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत तर सणासुदीचे मोजके दिवस सोडले तर नाहीच. इथे डेसिबल मोजत बसायला नको. रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी पोलिसांच्या मदतीसाठी ११२ लावा. नाव सांगायला घाबरू नका. तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे.

आरडाओरड्याला मात्र मोजमाप लागतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. आवाज त्याहून १० डेसिबलने वर गेला की तक्रार करता येते. मोबाइल अ‍ॅपचा आकडा लंगडा पुरावा, तरी रेकॉर्डिंग कराच: सासूबाईंच्या खोलीतून, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं. तो मोबाइल विकू नका. पुढे कोर्टात (न्यायालयात हो, पिकलबॉलच्या नव्हे) रेकॉर्डिंगसोबत, ते कोणत्या मोबाइलवर आणि कसं केलं हे सांगणारं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

दिवसाच्या टक्-टक् आवाजावर फार भिस्त ठेवू नका. कडक बॅट, प्लास्टिकचा बॉल. तो आवाज कानाला बोचतो खरा, पण त्यावर केस उभी करणं जड जातं.

आधी कोर्टचालकाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या, पोच घ्या. मागणी नेमकी ठेवा : माइक नाही, दहाला दिवे बंद, प्रेक्षक तुमच्या भिंतीपासून पलीकडच्या बाजूला. जाळीला लटकून ‘आऊट, आऊट!’ ओरडणाऱ्यांबद्दलही लिहा. बॉल आत की बाहेर हे खेळाडूंनी ठरवायचं, प्रेक्षकांना विचारायचंही नाही, हा त्या खेळाचाच नियम आहे. पत्राने भागलं नाही तर सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज, नाहीतर दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा. त्यात वर्षं जातात, म्हणून ते शेवटी.

कोर्टाकडे खिडक्या असलेल्या सगळ्या फ्लॅट्सच्या सह्या पत्रावर हव्यात. पहिली सही चिरंजीवांची घ्या.