नोकरी मुंबईत आणि घर वसईच्या गावात: शहर आणि खेडं दोन्हींचं सुख खरंच मिळतं का?

मिळतं. आमचं घर गिरीजला आहे आणि नोकरी अंधेरीत, त्यामुळे रोजच्या अनुभवावरून सांगतो. पण इथलं सगळं सुख पाण्यावर टिकून आहे, तेव्हा घर घेताना आधी पाणी बघा.

वसई स्टेशनच्या दोन्ही बाजूंना इमारतींची दाटी. तिथून पश्चिमेला समुद्राकडे निघालात की गास, भुईगाव, निर्मळ, वाघोलीच्या वाड्या लागतात. नारळ, केळी, भाजी, फुलं. पहाटेच्या लोकलने सायली-मोगऱ्याच्या, चाफ्याच्या पाट्या दादरच्या फुलबाजाराला जातात आणि मागच्या गाड्यांना आम्ही ऑफिसवाले लटकतो. कार्तिकात निर्मळच्या जत्रेत सुकेळी मिळतात. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुक्या पानात बांधलेली असतात. ती करणारी घरं आता मोजकी उरलीत, मिळाली तर सोडू नका.

आता पाण्याचं. वाड्यांमध्ये बावखलं आहेत, म्हणजे पूर्वजांनी खोदलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यांत साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना झरे राहतात आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. इमारतींसाठी विहिरींतून टँकर भरभरून उपसा झाला, कितीतरी बावखलं मातीने बुजवली गेली, आणि काही विहिरी मचूळ झाल्या. याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने मोठा लढा दिला. 2009 साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हा 'आमची गावं महापालिकेतून वगळा' म्हणून लोक रस्त्यावर उतरले. बाहेरून येणाऱ्याला हा राजकारणाचा वाद वाटतो. पण आज तुम्हाला जी हिरवळ आवडते आहे, ती लोक भांडले म्हणूनच शिल्लक आहे.

पावसाळ्याचंही तसंच. मिठागरं आणि खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती दलदलीची जमीन, हीच पाणी मावायची जागा. तिथे भराव पडला की पाणी घरात शिरणार. जुलै 2018 मध्ये वसई-विरारची लोकल बंद पडली, वस्त्या पाण्यात गेल्या, वीज गेली.

म्हणून बिल्डरच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. मे महिन्यात या आणि शेजाऱ्यांना विचारा, टँकर लागतो का, विहिरीचं पाणी पिता येतं का. मग जुलैत, भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असेल त्या दिवशी पुन्हा या आणि गल्लीत पाणी किती चढतं ते स्वतः बघा. आधी जमिनीवर काय होतं, बावखल की भातशेती, हेही जुन्या माणसांना विचारा, ते अगदी खरं सांगतात.

प्रवासाचा त्रास आहेच. संध्याकाळच्या विरार गाडीत वसईला उतरणं सोपं नाही. जमलं तर ऑफिसची वेळ लवकरची मागून घ्या, आणि विकत घेण्याआधी एक पूर्ण पावसाळा भाड्याने राहून बघा.