परराष्ट्र सेवा आणि प्रादेशिक सेना: आधी कोणते दार ठोठवावे?

प्रश्न: मी २७ वर्षांची, खुल्या प्रवर्गातील पदवीधर असून सांगली जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्याची माझी इच्छा आहे, आणि प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, अधिकारी व्हावे असेही वाटते. दोन्ही एकत्र साधेल का? महिलांना तेथे घेतात का?

उत्तर: दुसरी शंका आधी दूर करतो. प्रादेशिक सेना कायद्यातील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत स्त्रियाही येतात, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये दिला. त्यामुळे आपल्याला अर्ज करता येईल. महिलांसाठीच्या जागा मात्र अगदी मोजक्या असतात, हे धरून चालावे.

दोन्ही सेवांचा वर्धापनदिन ९ ऑक्टोबर हाच आहे. परराष्ट्र सेवेचा निर्णय १९४६ सालचा, तर प्रादेशिक सेनेचे उद्घाटन चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९४९ मध्ये केले. पण कामाच्या स्वरूपात त्यांचे जुळत नाही. प्रादेशिक सेना ही पोटापाण्याची नोकरी नव्हे. स्वतःचे उत्पन्न असलेल्या नागरिकाने दरवर्षी साधारण दोन महिने गणवेशात द्यायचे आणि गरज पडल्यास देश बोलावील तेव्हा हजर व्हायचे, अशी तिची रचना आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्या उतरल्या होत्या, म्हणून हे बोलावणे कागदोपत्री समजू नये. याउलट परराष्ट्र अधिकाऱ्याची बरीचशी वर्षे परदेशातील दूतावासांत जातात. परदेशातील नेमणुकीवरून दरवर्षी शिबिराला येणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

म्हणून प्रश्न क्रमाचा आहे, आणि तो क्रम वयच ठरवून देते. परराष्ट्र सेवेसाठी द्याव्या लागणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात ३२ वर्षांपर्यंत आणि सहाच वेळा बसता येते. प्रादेशिक सेनेत अधिकारी होण्यासाठी मर्यादा ४२ वर्षांची आहे. हातची पाच वर्षे आधी परराष्ट्र सेवेला द्या. तेथे निवड झाली, तर मसुरी व दिल्लीतील प्रशिक्षण, एक परकीय भाषा आणि पुढची नेमणूक यांतच आपण गुंताल, आणि गणवेशाची इच्छा बाजूला ठेवावी लागेल. निवड झाली नाही, तरी दुसरे दार आणखी दहा वर्षे उघडे असेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: अभ्यासासाठी नोकरी सोडून पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत जाऊन बसण्याचा विचार असेल, तर तो करू नका. प्रादेशिक सेनेची पहिली अटच उत्पन्नाच्या साधनाची आहे, आणि ते साधन आज आपल्या हातात आहे. शिवाय महसूल खात्यातील अनुभव वाया जात नाही. ज्ञानेश्वर मुळे हे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, ते राज्य सेवेत उपजिल्हाधिकारी म्हणून काम केल्यानंतरच.

नागरी सेवा परीक्षेचा अर्ज भरताना कार्यालयप्रमुखांना लेखी कळवावे लागते. प्रादेशिक सेनेसाठी विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि ते मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून त्याची विनंती जाहिरातीची वाट न पाहता करून ठेवावी. लेखी परीक्षा, मुलाखत, सेवा निवड मंडळाच्या चाचण्या आणि वैद्यकीय तपासणी हे टप्पे त्यानंतरचे आहेत. त्यांसाठीची शारीरिक तयारी मात्र आजपासूनच सुरू करता येईल.