बेंचवर बसशील तेव्हा

प्रिय पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, फुटबॉलच्या टीममध्ये नाव आलंय पण पहिल्या अकरात नाही, मॅचेस जालंधरला आणि त्या पण जानेवारीत. आधी मनापासून अभिनंदन. आईला सांगितलंस ना? आणि तू विचारलंयस की पहिल्या अकरात नसताना थंडीची एवढी तयारी करायची का, तर हे पत्र त्याच्यासाठीच लिहितेय, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त तयारी तुलाच करायला लागणारे. जी धावतेय तिला थंडी फार काही करत नाही गं, दहा मिनिटांत अंग गरम होतं. थंडी लागते थांबलेल्याला. ट्रेनमध्ये, प्लॅटफॉर्मवर, हाफटाइमला आणि बेंचवर, आणि तुझा वेळ तिथेच जाणारे.

माझंच सांगते. मी एकोणीस वर्षांची होते, दिल्लीत मॅच होती, असाच जानेवारी. सगळ्यांबरोबर मस्त वॉर्मअप केला, घाम आला, आणि तोच ओला टीशर्ट अंगात ठेवून वरून नुसती ट्रॅकसूटची चेन ओढून बेंचवर बसले. तासभर बसून राहिले. शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा एकदम हाक आली, मी उठले, दोन उड्या मारल्या आणि आत. पहिलाच बॉल माझ्या बाजूला आला, मी जीव तोडून स्प्रिंट मारली आणि मांडीच्या मागे टच्चकन् काहीतरी तुटल्यासारखं झालं. हॅमस्ट्रिंग. सात आठवडे घरी. त्या सीझनला परत बूट घातलेच नाहीत मी, आणि रडले ते दुखण्यामुळे नाही तर चूक माझी आहे हे कळत होतं म्हणून.

हे असं का होतं ते समजून घे म्हणजे कुणी न सांगता तू करशील. स्नायूचं तापमान एक डिग्रीने उतरलं की त्याची ताकद साधारण ३ ते ५ टक्क्यांनी कमी होते, नसांमधून सिग्नल पण हळू जातो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००४ मध्ये मॅच खेळणाऱ्यांच्या मांडीचं तापमान मोजलं होतं, हाफटाइमला जे नुसते बसले त्यांच्या मांडीचं तापमान साधारण दोन डिग्रीने घसरलं आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला त्यांची स्प्रिंट स्लो झाली, आणि ज्यांनी त्याच ब्रेकमध्ये सात मिनिटं हलकं जॉगिंग वगैरे केलं त्यांचा स्पीड टिकला. पंधरा मिनिटं बसून एवढा फरक, मग उघड्यावर तासभर बसणारीचं काय होत असेल तूच सांग.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेने होंडुरासबरोबरची वर्ल्ड कप क्वालिफायर मुद्दाम मिनेसोटात, सेंट पॉलला ठेवली होती, उणे १६ च्या आसपास तापमान. होंडुरास म्हणजे आपल्या कोकणासारखा गरम, दमट मुलुख. अमेरिका ३-० ने जिंकली ते सोड, होंडुरासचा गोलकीपर लुइस लोपेझ आणि फॉरवर्ड रोमेल किओटो हाफटाइमनंतर परत आलेच नाहीत, थंडीमुळे, असं त्यांच्या फेडरेशनने सांगितलं. त्यातला एक गोलकीपर होता हे लक्षात ठेव, मैदानावर सगळ्यात जास्त उभा राहणारा माणूस तोच. तुमची गोलकीपर पहिल्यांदाच जातेय ना, तिला पण हे वाचायला दे.

पण सगळं थंडीवर ढकलायचं पण नाही. ऑक्टोबर २०२१ ला इटलीची रोमा टीम नॉर्वेत बोडो-ग्लिम्ट क्लबकडे गेली, आर्क्टिक सर्कलच्या वरचं गाव, आर्टिफिशियल टर्फ, आणि ६-१ ने हरली. लोक म्हणाले थंडी थंडी. अगं, रोमाचा तेव्हाचा कोच मोरिन्योने त्या दिवशी आपली नेहमीची बरीच टीम घरी ठेवली होती आणि बोडो खरंच भारी खेळले. पुढे एप्रिलमध्ये रोममध्ये रोमाने त्यांना ४-० ने हरवलं, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा मोठा असतो हे खरं, पण त्यात थंडी किती, प्रवास किती, स्वतःच्या बेडवर झोपणं किती आणि पब्लिकचा आवाज किती हे कुणी वेगळं काढून दाखवू शकत नाही. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं आपण करायचं.

आता प्रवास. झेलम एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि जालंधर कॅन्टपर्यंत दोन रात्री जातात, आणि जानेवारीत दिल्लीच्या पुढे धुकं असलं की किती लेट होईल याचा नेम नसतो. तुमच्या मॅनेजर मॅडमना तूच विचार की मॅचच्या आधी किमान एक पूर्ण दिवस हातात आहे का, विचारायला लाजू नकोस. मनमाड, भुसावळपर्यंत तुला वाटेल कसली थंडी, खिडकी उघडी ठेवून गप्पा माराल, आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडला, आग्रा-मथुरा मागे पडलं की एकदम दात वाजायला लागतात. तेव्हा बर्थखालच्या बॅगेतून स्वेटर शोधत बसू नकोस, कानटोपी, मोजे, शाल वरच्या सॅकमध्येच ठेव. रात्री खिडकीच्या फटीतून जो वारा येतो ना त्याने मान धरते, डोकं त्या बाजूला नको. दर दोन तासांनी उठून डब्यात एक चक्कर मार, पोटऱ्या आणि कंबर मोकळी कर, एवढा वेळ बसून नुसते पाय सुजतात.

आणि पाणी. हे मी मुद्दाम लिहितेय कारण सर लोक हे बोलत नाहीत. आपण मुली ट्रेनमध्ये बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच पीत नाही. मी पण हेच करायचे, सगळ्याच करतात. त्यात थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र जास्त होते, म्हणजे दोन दिवसांत तू पूर्ण सुकून उतरणार आणि तुला कळणार पण नाही. वाटेत डब्याचं बाथरूम घाण असेल तर असू दे, टिश्यू आणि सॅनिटायझर ने, दोघी दोघी जा, पण पाणी पी. थर्मासमध्ये कोमट पाणी असलं तर आपोआप प्यायलं जातं. आईला डिंकाचे लाडू करायला सांग, गुळाची चिक्की ने, कुडकुडण्यात पण शरीराची साखर जळते म्हणून खाणं टाळायचं नाही, मॅचच्या सकाळी तर अजिबात नाही.

तिकडची थंडी आपल्यासारखी नसते हे पण सांगून ठेवते. पुण्यात पाषाणला पारा ८-९ वर आला तरी सकाळी दहाला ऊन येतं आणि स्वेटर कमरेला बांधला जातो. पंजाबात धुकं बसलं की दिवसभर सूर्य दिसत नाही, गवत दुपारी पण ओलं, बॉल ओला, बूट ओले. बुटांची दुसरी जोडी नसेल तर निदान सॉक्स तीन-चार जोड्या ने. बॉलची हवा पण मैदानावरच चेक करायला सांग, गरम खोलीत भरलेला बॉल बाहेर गारठ्यात आला की प्रेशर उतरतं, मग टच वेगळा लागतो आणि पोरींना वाटतं आपलाच टच गेला.

तुझ्या त्या तासाभराचं बघू. वॉर्मअप झाला की पहिलं काम, ओली बनियन, ओला टॉप काढून कोरडं घालायचं, सगळं सोडून आधी हे. वरून जॅकेट, पायावर शाल किंवा ब्लँकेट, त्यात लाज कसली, तिकडच्या टीमच्या बेंचवर बघ, सगळ्या गुंडाळून बसलेल्या असतात, त्यांना पण थंडी वाजतेच, फक्त जॅकेट कधी काढायचं ते त्यांना माहितीये. खाली थंड लोखंडी बाक असेल तर मॅट टाक. दर दहा मिनिटांनी उठून टचलाइनच्या मागे जॉग, साइड स्टेप, मांडी वर, आणि दर वेळी शेवटी दोन-तीन छोट्या स्प्रिंट्स. हाफटाइमला बाकीच्या आत जातील तेव्हा तू थोडी बाहेरच थांब, बॉल घे, हल. हे सरांना आधीच सांगून ठेव म्हणजे ते ओरडणार नाहीत, आणि हाक मारायच्या आधी पाच मिनिटं इशारा द्याल का असं पण विचार. मी नव्हतं विचारलं.

कपड्यांचा नियम आधी वाचून ठेव नाहीतर रेफरी बाहेरच थांबवेल. आतली बाही टीशर्टच्या बाहीच्याच रंगाची पाहिजे, टाइट्स शॉर्ट्सच्या रंगाच्या. ग्लोव्हज चालतात, लोकरीचे साधे घे तुळशीबागेतून. गळ्यातला तो गुंडाळायचा बफ मात्र आत चालत नाही, २०११ पासून बंदी आहे, बेंचवर घाल, वॉर्मअपला तोंडावर ओढून श्वास घे म्हणजे कोरडी गार हवा थेट छातीत जात नाही, पण आत जाताना काढ. कुणाला दम्याचा त्रास असेल तर इनहेलर हॉटेलवर नाही, मैदानावर पाहिजे.

आणि एक, जालंधरच्या शेजारीच फगवाडा आहे, जिथल्या जेसीटी क्लबने १९९६-९७ ची पहिली नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. ती टीम २०११ ला बंद झाली, आपली एफसी पुणे सिटी पण २०१९ ला गेली, या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. पण तिकडे म्हातारी माणसं पण शाल पांघरून मॅच बघायला येतात आणि चांगल्या पासला दाद देतात, मग तो समोरच्या टीमचा का असेना. त्यांच्यासमोर खेळायला मिळतंय तुला.

रविवारी एसएसपीएमएसच्या मैदानावर सकाळी सहाला ये, वॉर्मअप करून तासभर बसायचं आणि मग स्प्रिंट, आपण दोघी ट्राय करून बघू. माझा जुना थर्मास पण घेऊन जा, झाकण जरा घट्ट आहे पण पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहतं.

तुझी,
ताई