वसईची तू, नगरचा तो: लग्नाआधी ठरवून घ्यायच्या गोष्टी

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. तू वसईची कॅथलिक, तो नगरचा प्रोटेस्टंट, आणि तुमच्या लग्नाला दोन्ही घरांतून विरोध आहे. तुझे पप्पा म्हणतात, ‘आपल्या चर्चमध्ये असलं लग्न चालत नाही.’ त्याची आई म्हणते, ‘ते लोक माझ्या पोराला कॅथलिक करून टाकतील.’ दोघांचंही म्हणणं नियमाला धरून नाही. म्हणून आधी नियम काय आहे ते नीट समजून घे, मग घरात विषय काढ.

तुमच्या लग्नाला मनाई नाही, परवानगी लागते. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तर कॅथलिक कायद्यात हा मिश्र विवाह ठरतो आणि बिशपांची परवानगी घ्यावी लागते. तुझ्या धर्मग्रामाचे, म्हणजे तुमच्या स्थानिक चर्चचे, फादर तो अर्ज पाठवतात. त्यात तू दोन गोष्टी कबूल करतेस: स्वतःची श्रद्धा सोडणार नाहीस, आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व शिकवण मिळावी म्हणून तुझ्याकडून होईल ते सगळं करशील. मुलगा कसलंही वचन देत नाही. तू काय कबूल केलंस ते त्याला सांगितलं जातं, इतकंच. पूर्वी बिगर-कॅथलिक जोडीदाराकडूनही हमी घ्यायचे. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये ती पद्धत बंद केली. त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी जुना काळ पाहिलेला असणार, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही, फक्त जुनी आहे. हे तू सांगण्यापेक्षा फादरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं तर जास्त पटेल.

त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला मात्र स्वतः बघ. नगर भागात मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथाची घरं आहेत आणि मुक्तिफौजेत बाप्तिस्मा देत नाहीत. तो आज सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या) मंडळीत जात असला तरी बाप्तिस्मा कुठे आणि कधी झाला हे विचार. झालाच नसेल तर नुसती परवानगी पुरत नाही, वेगळी सूट घ्यावी लागते. ती न घेता लागलेलं लग्न कॅथलिक चर्च वैध धरत नाही. दाखला हरवला असेल तर घाबरू नकोस. बाप्तिस्मा होताना हजर असलेल्या एका विश्वासू माणसाची साक्षही चालते. तुझा स्वतःचा दाखला नवा काढ, सहा महिन्यांच्या आतला. लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत होते, म्हणून कपाटातला जुना कागद फादर घेत नाहीत.

आता सगळ्यात जास्त घरं जिथे फसतात ते सांगतो. बोलणी अडली की कुणीतरी मोठं माणूस तोडगा काढतं: सकाळी तुमच्या चर्चमध्ये, संध्याकाळी आमच्यात. सगळ्यांना बरं वाटतं, पण कॅथलिक कायदा याला परवानगी देत नाही. शपथा एकदाच आणि एकाच ठिकाणी. दोन धर्मगुरूंनी एकाच समारंभात आपापल्या विधीने तुमच्याकडून शपथा वदवून घेतलेल्याही चालत नाहीत. लग्न त्याच्या चर्चमध्ये हवं असेल तर बिशपांकडून कॅथलिक विधीतून सूट आधी मागायची. ती मिळाली की पाळकसाहेबांनी, म्हणजे त्याच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, लावलेलं लग्न तुझ्या चर्चलाही मान्य. सूट न मागता उरकलंत तर सरकारदरबारी तुम्ही नवराबायको, पण तुझ्या धर्मग्रामात नाही, आणि पप्पांच्या मनात तो सल कायमचा राहील. तसं झालंच तर पुढे लग्न वैध करून घेण्याची वाट आहे, पण मुद्दाम त्या वाटेला जाऊ नकोस.

लग्न तुमच्या चर्चमध्ये ठरलं तर मिस्सा (कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, असलेली उपासना) नको, असं माझं स्पष्ट मत आहे. विधीच्या पुस्तकातही अशा लग्नाला मिस्साविना विधीच सांगितला आहे. बिशपांच्या संमतीने मिस्सा होऊ शकते, आणि तुझ्या मावश्या त्यासाठी हट्ट धरतील. पण चित्र डोळ्यांसमोर आण. कम्युनियनची वेळ होते, तुझ्या बाजूचे बाक रिकामे होऊन रांग लागते, आणि त्याचे आईवडील, भाऊ, नगरहून आलेले पाहुणे कॅथलिक नसल्याने जागेवर बसून राहतात. ही माणसं आपल्या मंडळीत नेमाने प्रभुभोजन घेणारी. नवरा मुलगासुद्धा तुझ्या शेजारी नुसता उभा. हा अपमान ती विसरत नाहीत. मिस्साविना विधीत बायबलमधली वचनं, प्रवचन, शपथा, अंगठ्या, आशीर्वाद सगळं असतं. त्याच्या पाळकसाहेबांना वचन वाचायला, प्रार्थना करायला, आशीर्वाद द्यायला बोलावता येतं. ते निमंत्रण फादरांच्या सहीने जाऊ दे.

एक गोष्ट कुणी उघड बोलणार नाही, म्हणून मी लिहितो. पंथाच्या नावाखाली पुष्कळदा जात बोलत असते. वसईच्या घरांना आपल्या पोर्तुगीजकाळापासूनच्या ख्रिस्तीपणाचा अभिमान आहे. नगरची बरीच मंडळी मिशनच्या काळात महार-मांग वाड्यांतून ख्रिस्ताकडे आली. तुझ्या घरातले काका ‘त्यांची पद्धत वेगळी’ म्हणतात तेव्हा ‘कुठली पद्धत?’ असं शांतपणे विचार. उत्तर चर्चबद्दल असेल तर फादर ते सोडवतील. जातीबद्दल असेल तर त्याला चर्चमध्ये काडीचाही आधार नाही, आणि तिथे तू एक पाऊलही मागे घेऊ नकोस. तो मुलगा उद्या कॅथलिक झाला तरी हे काका गप्प बसायचे नाहीत.

बाकी किरकोळ. तुमच्याकडे लग्नात दारू असते, त्याच्याकडच्या कित्येकांना ती खपत नाही. चर्चजवळच्या कार्यक्रमात ठेवू नका, तुमच्या अंगणातलं तुम्ही बघा. तारीख ईस्टरआधीच्या उपवासकाळात धरू नका. विवाहपूर्व शिबिराला दोघांनी जायचं असतं, म्हणून फादरांना निदान सहा महिने आधी भेटा.

मुलांचा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलात तर पहिल्या बाळंतपणात तो दोन्ही आयांच्या हातात जाईल. आत्ताच तुम्ही दोघं बसा. तू वचन देणार आहेस हे त्याला खरंच मान्य आहे का? घरात जपमाळ होईल का, हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला बाळाला नेलेलं त्याला चालेल का, रविवारी कोण कुठे जाईल? त्याला मनापासून पटत नसेल तर तसं फादरांना सांगा, खोटी सही करू नकोस. वचन ‘होईल ते सगळं करण्याचं’ आहे. प्रामाणिक प्रयत्न करूनही घरात एकमत झालं नाही, तर चर्च तुला शिक्षा करत नाही.

आणि त्याच्या आईला एक गोष्ट लग्नाआधीच सांग. बाळाच्या बाप्तिस्म्याला एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता लागते, पण तिच्यासोबत त्यांच्या घरातलं बाप्तिस्मा झालेलं माणूस साक्षीदार म्हणून उभं राहू शकतं आणि नोंदवहीत त्याचं नाव लागतं. कोण उभं राहायचं, ते त्यांनाच ठरवू दे.

तुझा,
काका