'वर्ल्ड मॉडेल'साठी मराठी शब्द

चोपड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, कृत्रिम बुद्धिमत्तेतील 'वर्ल्ड मॉडेल' (जग कसे चालते, याची यंत्राने स्वतःच्या आत बांधलेली मांडणी) या संज्ञेसाठी 'आभासी जग', 'प्रतिकृती' आणि 'प्रतिमान' यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल.

'आभासी जग' मी टाळीन, कारण तो शब्द माणसाला पडद्यावर दिसणाऱ्या देखाव्यासाठी रूढ झाला आहे. 'प्रतिकृती'त बाह्यरूपाचे साम्य अभिप्रेत असते; येथे मात्र महत्त्व रूपाला नसून, एक गोष्ट बदलली तर दुसरी कशी बदलेल, या संबंधांना आहे. पांझरा नदीवरील फडबागाईतीत, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या पद्धतीत, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मनात पाटांची जी जुळणी असते, तिच्या आधारे तो पाणी सोडण्यापूर्वीच ते कोठवर पोहोचेल हे सांगू शकतो. या जुळणीला मी 'प्रतिमान' म्हणेन.

यंत्रात असे काही खरोखर असते का, याचा एक चांगला पुरावा 2022 मध्ये पुढे आला. ऑथेल्लो या 64 घरांच्या पटावरील खेळातील केवळ चालींच्या नोंदी एका भाषा-प्रारूपाला (लँग्वेज मॉडेलला) शिकवल्या होत्या. पट किंवा नियम त्याला कधीच दिले नव्हते. तरीही त्याच्या अंतर्गत आकड्यांतून पटाची स्थिती वाचता आली, आणि ते आकडे मुद्दाम बदलले तेव्हा त्याने सुचवलेल्या चालीही बदलल्या. मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण ती माहिती नुसती साठलेली नव्हती, तर वापरात होती, हे त्यावरून कळते.

'सिम्युलेशन' मात्र प्रतिमानाहून वेगळे आहे: प्रतिमान ही रचना, आणि सिम्युलेशन म्हणजे ती चालवून पाहण्याची क्रिया. 2018 मध्ये डेव्हिड हा (Ha) आणि युर्गन श्मिडह्युबर या संशोधकांनी एका संगणकीय खेळातील कर्त्याला (खेळणाऱ्या प्रणालीला) त्याच्याच शिकलेल्या प्रतिमानात सराव करायला लावले आणि मग मूळ खेळात उतरवले. प्रतिमान सदोष असेल तर कर्ता त्यातील उणिवांचाच फायदा घ्यायला शिकतो, हेही त्यांना आढळले. 'प्रतिकृती' म्हटले की असा दोष असू शकतो, हे ध्यानातच येत नाही.

'पॅराडाइम'साठीही (विचारांच्या रूढ चौकटीसाठीही) 'प्रतिमान' वापरतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून एकटा शब्द न वापरता 'जगाचे प्रतिमान' असे लिहावे आणि 'सिम्युलेशन'साठी नवे नाम घडवण्यापेक्षा 'प्रतिमान चालवून पाहणे' हे क्रियापदच ठेवावे.