काकीचा ‘पगार’ काकीच्याच हाती

प्रश्न : माझी काकी गुहागर तालुक्यातील एका वाडीत एकटी राहते. तिचे वय 71 आहे, काका जाऊन बरीच वर्षे झाली आणि तिला मूलबाळ नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1,500 रुपये तिच्या खात्यावर जमा होतात, शिवाय आम्ही पुतणे मुंबईहून अधूनमधून काही पाठवतो. शिमग्याला गावी गेलो तेव्हा कळले की पालखी दारात आली असता काकीने 101 रुपये ठेवले आणि शेजारच्या सुनेच्या बाळंतपणाला 300 रुपये दिले. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, पैसा असा जाणार असेल तर पासबुक आपल्याकडे ठेवावे आणि तिला महिन्याचे वाणसामान भरून द्यावे. मला ते पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावे हेही सुचत नाही. एवढ्याशा रोख रकमेने म्हाताऱ्या बाईच्या आयुष्यात खरोखर काय बदलते?
— एक वाचक, विरार

उत्तर : आपल्याला जे पटत नाही ते योग्यच आहे, आणि भावाला सांगता येईल असे बरेच काही आहे.

दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये, आणि एवढ्यात कोणाचे घर चालत नाही हे खरे आहे. तरीही आपल्या गावांत बायका या रकमेला ‘पगार’ म्हणतात, तो शब्द विचार करण्यासारखा आहे. मुंबईहून येणारी मनीऑर्डर पाठवणाऱ्याच्या सवडीवर आणि मर्जीवर येत असे. ‘पगार’ मात्र आपल्या नावावर, आपल्या हक्काने येतो. तो कधी उशिरा येतो, कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम येतो, पण येणार हे दुकानदारालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच तो काकीच्या नावाची उधारी बिनदिक्कत वहीत मांडतो. ज्या बाईला महिन्याकाठी काहीच येत नाही, तिला मीठमिरचीसाठीसुद्धा कोणाच्या तरी ओटीवर जाऊन बसावे लागते.

कोकणात पैसा किती आला याइतकेच तो केव्हा आला यालाही महत्त्व आहे. मे महिन्यात कौले परतून घ्यायची, फुटलेली बदलायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकट-बोंबील आणि कांदे भरून ठेवायचे, हे सारे मृगापूर्वी उरकावे लागते. त्या पंधरवड्यात हातात रोकड नसेल तर पुढचे चार महिने गळत्या घरात काढावे लागतात, आणि आषाढात कोणी कितीही वाणसामान आणून दिले तरी ते छप्पर कोरडे करीत नाही. मुंबईत बसून भरलेल्या पिशवीत तांदूळ असेल, पण वाडीतून सडकेपर्यंतचे रिक्षाचे भाडे नसेल, आणि दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाचे पाऊल बहुधा तेवढ्यावरूनच अडते, एस.टी.त बायकांना 2023 पासून अर्धे तिकीट असले तरी एस.टी.पर्यंत पोहोचावे लागतेच. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या वयात कंबर सरळ होत नाही त्या वयात लावणीच्या चिखलात उतरायचे की नाही, हे हाताशी चार पैसे असलेली बाई स्वतः ठरवू शकते.

आता भावाच्या मुख्य शंकेकडे वळतो. गरिबाच्या हाती रोख दिली की ती उधळली जाते, ही समजूत जगभर आहे आणि ती तपासूनही पाहिली गेली आहे. केनियाच्या पश्चिम भागात गिव्हडायरेक्टली या संस्थेने गरीब कुटुंबांना कोणतीही अट न घालता मोबाइलवरून रक्कम दिली. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी त्याचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. अनेकांनी गवती छप्पर काढून पत्रा घातला होता. शाकारणीचा दरवर्षीचा खर्च ज्याला माहीत आहे, त्या कोकणी माणसाला हा निर्णय समजावून सांगावा लागणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील वृद्धांच्या निवृत्तिवेतनाविषयी एस्तेर दुफ्लो यांचा 2003 चा अभ्यासही भावाला अवश्य सांगा : पैसे आजीच्या हाती येत होते त्या घरांतील नातींचे पोषण सुधारले, आजोबांच्या हाती आले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. रक्कम घरात आली एवढे पुरत नाही, ती कोणाच्या मुठीत आली यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

राहिले ते 300 आणि 101 रुपये. काकीला रात्री ताप भरला तर विरारहून आपण पोहोचेपर्यंत पेजेची वाटी घेऊन कोण येणार आहे? तीच शेजारची सून. वाडीतले जगणे अशा देण्याघेण्यावर चालते, आणि ज्याला कधीच काही देता येत नाही त्याला घेतानाही संकोच होतो. विधवा बाईला तर आपल्याकडे मंगलप्रसंगी मागे उभे करण्याची रीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, यावरूनच ती किती खोल रुजली आहे ते कळते. अशा समाजात आपली काकी पालखीपुढे चार माणसांत स्वतःचे पैसे ठेवते, याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

पासबुक तिच्याकडेच असू द्या. आपण पाठवता ती रक्कम शासनाचे पैसे मिळतात म्हणून कमी करू नका. उलट ठरावीक तारखेला पाठवा आणि मे महिन्यात थोडी जास्त.

प्रश्न : आमच्या आईचे निराधार योजनेचे पैसे काही महिन्यांपासून जमा झालेले नाहीत. बँक म्हणते आले नाहीत, तहसील कार्यालय म्हणते पाठवले. काय करावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यावर थेट जाते, आणि दोन-तीन खाती असतील तर जे सर्वांत शेवटी जोडले गेले त्यावर जाते. जनधनचे किंवा बचत गटाच्या वेळी काढलेले एखादे विसरलेले खाते आहे का पाहा. पैसे तिथे साचलेले असू शकतात. आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर कळते. त्याचबरोबर हयातीचा दाखला वेळेत दिला होता ना, याची तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत चौकशी करा. आयुष्यभर मासळी निवडून किंवा शेतात राबून बोटांचे ठसे पुसट झाले असतील आणि यंत्र ते घेत नसेल, तर बँकेच्या शाखेत पासबुक नेऊन पैसे काढण्याची चिठ्ठी भरता येते. बोटाच्या ठशाखेरीज दुसरा मार्ग नाही असे कोणी सांगितले तर तिथून परत फिरू नका, शाखाधिकाऱ्यांना भेटा. आईला तालुक्याला जाणे झेपत नसल्यास पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे काढून देऊ शकतो, तशी सोय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने केलेली आहे.